पुळणीचा हिशेब

रत्नागिरीच्या माणसाला पुळण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. भाट्याच्या खाडीपुलापलीकडे सुरूच्या बनालगत पसरलेली वाळू पाहत तो लहानाचा मोठा होतो. गणपतीपुळ्याचे नावच मुळी पुळणीवरून पडले, असे मानतात. पण जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते तिची चौकशी सहसा होत नाही. ही वाळू आली कोठून, ती येथेच का थांबली, उद्याही ती येथे राहील काय, आणि ती आहे तरी कोणाची, हे चार प्रश्न या लेखात घ्यावयाचे आहेत. मी भूगर्भशास्त्राचा पदवीधर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता नगर वाचनालयातील पुस्तकांच्या आधाराने जे समजले, ते आपल्यासारख्याच श्रोत्यांसाठी सोपे करून मांडतो आहे.

सुरुवात समुद्रापासून न करता डोंगरापासून करू. सुट्टीत कोयनेच्या जलाशयाकाठी, तापोळा-बामणोलीकडे जाऊन आलेली मंडळी एक गोष्ट नेहमी बोलून दाखवतात. एवढे विस्तीर्ण पाणी, भोवती हिरवे डोंगर, वारा नाही की गर्दी नाही. पण पाण्यात उतरावे तर पायाखाली चिखल आणि धोंडे. परदेशांतील डोंगरी तळ्यांच्या चित्रांत शुभ्र वाळूचा काठ दिसतो, मुले त्यावरून धावत पाण्यात शिरतात. आपल्या तळ्याला तसा काठ का नाही? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर मिळाले की रत्नागिरीच्या पुळणीचे मोलही कळते.

डोंगरातल्या तळ्याला पुळण का नाही?

तळ्याकाठी पुळण तयार व्हावयास तीन गोष्टी लागतात. पहिली, पाणी साठून राहील असा खोलगट भाग. दुसरी, ज्याची वाळू होते असा खडक. तिसरी, वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच पातळीवर राहणारे पाणी. लाट एकाच रेषेवर पुष्कळ काळ काम करील तरच काठ घडतो.

हिमालयात किंवा आल्प्स पर्वतात पुष्कळशी तळी हिमनद्यांनी खोदली. बर्फाचे प्रचंड ओझे उतारावरून सरकताना खडक कोरून काढते, आणि बर्फ वितळल्यावर त्या खड्ड्यात पाणी राहते. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. म्हणून आपल्या डोंगरांत निसर्गाने केलेली मोठी तळी जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती बहुतेक माणसांनी बांधलेली आहेत. मालवण तालुक्यातील धामापूरचे तळे 1530 साली बांधले गेले. तो भाग 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने 2020 साली त्या तळ्याची जागतिक वारशाच्या सिंचन बांधकामांत नोंद केली. दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालून अडवलेले ते पाणी आहे. कोयनेचा शिवसागर तर आपल्याच काळातला. 103 मीटर उंचीच्या धरणामागे तो पसरला आहे, आणि त्याच्या तळाशी उठवलेल्या गावांच्या जमिनी आहेत.

अशा जलाशयाचे पाणी वीज व शेतीसाठी वापरावयाचे असते. भाद्रपदात ते काठोकाठ असते, तर वैशाखात कितीतरी मीटर खाली गेलेले असते. लाटेला काठाची एक रेषा नेमून दिलेली नाही. आज ती येथे माती धुते, महिन्याने त्याच्या खाली. त्यामुळे उघडी बोडकी उतरण तयार होते, पुळण होत नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील टाहो तळ्याचे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर, सिएरा नेवाडा पर्वतात हे तळे आहे. त्याची खोली 500 मीटर भरते. त्याच्या पूर्व काठावर सँड हार्बर नावाची पुळण आहे. पाणी नितळ, वाळू फिकट, पोहणाऱ्यांची आवडती जागा. तेथे भोवतालचा खडक ग्रॅनाइटचा आहे, आणि तळ्याच्या तोंडाशी बांध असूनही पाण्याची पातळी दोन मीटरांच्या आतच खालीवर होते. खडकही अनुकूल, पातळीही स्थिर. मग पुळण झाली यात नवल नाही.

खडकाची वाळू कशी होते?

आता खडकाकडे वळू, कारण खरी मेख तेथेच आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचे खनिज, भरपूर असते. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे खडक फोडतात तेव्हा त्यातील इतर खनिजे कुजून त्यांची माती होते. क्वार्ट्झ मात्र कुजत नाही. तो दाण्यादाण्याने सुटा होतो, आणि या दाण्यांनाच आपण वाळू म्हणतो.

आपला सह्याद्री ग्रॅनाइटचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरला, त्याचा हा काळा कातळ झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. त्यात क्वार्ट्झचा दाणा जवळजवळ नसतोच. कोकणच्या पावसात हा कातळ कुजला की त्याची चिकण माती होते, आणि वरच्या थराचा जांभा होतो. त्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. म्हणून आपल्या डोंगरी तळ्याकाठी चिखल सापडतो. त्यात तळ्याचा दोष नाही. डोंगराच्या भांडवलातच पांढरी वाळू नव्हती.

मग रत्नागिरीच्या किनाऱ्याला वाळू आली कोठून? तिला वाटा तीन आहेत. एक, नद्यांनी आणलेली. आपली काजळी नदी सह्याद्रीतून निघून भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि कातळाचे न कुजलेले कण घेऊन येते. दुसरी, किनाऱ्यावरचेच खडक लाटांनी झिजवून झालेली. तिसरी, समुद्रातल्या जिवांनी केलेली. शिंपले, गोगलगायी, कालवे यांच्या कवचांचा चुरा होतो तो चुनखडीचा असतो. कोकणातील उजळ वाळूत हा चुरा पुष्कळ सापडतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे जावे तसा काळ्या कातळाखालचा जुना, क्वार्ट्झयुक्त खडक उघडा पडू लागतो, म्हणून तिकडची पुळण अधिक पांढरी दिसते.

काळा समुद्र आणि पांढरा समुद्र

आपल्या गावाला दोन समुद्र आहेत असे आपण थट्टेने म्हणतो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाणी तेच, वारा तोच. वाळू तेवढी वेगळी.

याचे कारण घरातल्या सुपात सापडते. धान्य पाखडताना हलके फोलपट पुढे उडते आणि वजनदार दाणा सुपाच्या मागच्या अंगाला राहतो. लाट नेमके हेच करते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसला तरी लोह आणि टायटॅनियम या धातूंची काळी खनिजे असतात. इल्मेनाइट हे त्यांपैकी मुख्य, आणि ते सहजी कुजत नाही. क्वार्ट्झ पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड, तर इल्मेनाइट सुमारे 4.7 पट जड. लाट वर चढते तेव्हा दोन्ही दाणे आणते. परतताना तिचा जोर कमी असतो, म्हणून हलका दाणा तेवढा ती मागे नेते. अशी पाखडणी दिवसरात्र चालते आणि काळी वाळू मागे साठत जाते. मांडवीवर लोहचुंबक फिरवून पाहा, त्याला काळे कण चिकटतील. मुलांना हा प्रयोग अवश्य करून दाखवावा.

गंमत अशी की, या काळ्या खनिजापासून जगातला अत्यंत पांढरा रंग तयार होतो. भिंतीच्या रंगात, कागदात, प्लास्टिकमध्ये जो टायटॅनियमचा पांढरा रंग वापरतात त्याचा एक मुख्य कच्चा माल इल्मेनाइट आहे. काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या आपल्या उपसागरांच्या तळाशी इल्मेनाइट असल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. तेव्हा ही वाळू नुसती शोभेची नाही, तिला बाजारात भाव आहे. आणि ज्या वस्तूला भाव असतो तिच्याबद्दल भांडण असते, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

जमा आणि खर्च

पुळण एका जागी पडून राहिलेली वस्तू आहे, हा आपला मोठा गैरसमज. वाळू रोज येते आणि रोज जाते. पुळण म्हणजे दुकानदाराच्या वहीसारखा चालू हिशेब आहे. शिल्लक दिसते ती जमा आणि खर्च यांच्या वजाबाकीतून.

आषाढात भाट्याला जाऊन पाहा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच, आखूड लाटा पुळण खरवडून काढतात. फाल्गुनात जेथे वाळू होती तेथे पाण्याला उतार लागतो, कोठे कोठे खालचा कातळ उघडा पडतो. ही वाळू फार लांब जात नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बुटका बांध होतो. मोठी लाट त्या बांधावरच फुटते, म्हणजे वाळू पाण्याखाली राहूनही किनाऱ्याची राखणच करते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो, लाटा बुटक्या व लांब होतात, आणि तीच वाळू परत काठावर आणून टाकतात. दिवाळीनंतर पुळण पुन्हा भरलेली दिसते. काठाच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरते. तिचे नाव फार सार्थ आहे. वाऱ्याने उडणारी वाळू ती आपल्या वेलांत धरून ठेवते आणि मागे उंचवटा बांधते. पुढल्या पावसाळ्यासाठी ती शिलकीची रक्कम.

आता या हिशेबात माणसाचा हात कोठे शिरतो ते पाहू. नदीवर धरण झाले की वाळू धरणामागे अडते. जमा कमी झाली. समुद्रात लांब बांध घातला की किनाऱ्याला समांतर सरकणारी वाळू एका बाजूला साठते व दुसरी बाजू उपाशी राहते. काठावर उभी भिंत बांधली की लाट तिच्यावर आपटून जोराने मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंतीमागचे घर वाचते, पण भिंतीपुढची पुळण जाते. मिऱ्या आणि पांढऱ्या समुद्राच्या बाजूला किनाऱ्याची धूप किती झाली आणि दगडांचे बंधारे किती वेळा घालावे लागले, हे रत्नागिरीकरांना मी सांगावयास नको.

शेवटचा आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे उपसा. येथे मला कामगारांच्या बाजूने दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या खाड्यांत हातपाटीने वाळू काढणारे लोक आहेत. होडी उभी करावयाची, श्वास रोखून बुडी मारावयाची, पाटी भरून वर द्यावयाची. छातीचे आणि कानांचे आयुष्य खाणारे हे काम आहे. एक माणूस दिवसात काढून काढून किती काढणार? त्याच्या श्रमालाच मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत खाडी पुन्हा भरू शकते. सक्शन पंप लागला की ती मर्यादा संपते. पंपाला दम लागत नाही. पंपवाला हातपाटीवाल्याची रोजी आधी घेतो, मग खाडीची वाळू घेतो, आणि शेवटी काठावरच्या माडांखालची जमीन. वाळूच्या प्रश्नात कामगार एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. माझ्या मते ते खरे नाही. येथे दोघांचे हित एकच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, लहान क्षेत्रातील वाळू-उपशालाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली. म्हणजे कायदा आहे. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर कित्येक दशके इल्मेनाइटची वाळू काढली गेली. तेथील आलप्पाड गावच्या लोकांनी जमीन समुद्रात जात असल्याची तक्रार करून 2018-19 साली मोठे आंदोलन केले. त्या कारखान्यांवर पोट असलेले कामगारही तेथे होते. उद्या आपल्याकडे असा प्रश्न आलाच तर नोकरी की पुळण, असा सवाल आपल्यापुढे टाकला जाईल. तेव्हा नोकरी किती वर्षांची आणि गेलेली वाळू परत येण्यास किती वर्षे लागतील, ही दोन्ही कलमे एकाच कागदावर मांडून मागितली पाहिजेत.

शांत दिसणारे पाणी

पुळणीवर माणसे पोहावयास जातात, म्हणून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट येथेच सांगतो. पाणी शांत दिसणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत कोठून जाणार? पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जेथे खिंडार असते तेथून ते वेगाने बाहेर पडते. हीच परतीची ओढ. तिचा वेग सेकंदाला एक ते दोन मीटर होऊ शकतो. पट्टीचा पोहणाराही तिच्याविरुद्ध टिकत नाही. आणि घात असा की, त्या खिंडारावर पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस, आणि मधला पट्टा संथ. नवखा माणूस नेमका त्या संथ पट्ट्यात उतरतो. आरे-वारे येथे 2025 च्या जुलैमध्ये चार माणसे बुडाली. पावसाळ्यातला समुद्र हा पोहण्याचा समुद्र नव्हे, हे आपल्या जाणत्या माणसांचे सांगणे शास्त्राला धरून आहे.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरू नये. त्यात दम संपतो. अंग पाण्यावर सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून ओढीच्या बाहेर पडावे. मग लाटाच परत आणतात. काठावरच्या माणसाने मागोमाग उडी घेऊ नये. दोरी, रिकामा बंद डबा, फुगवलेली रबरी नळी, जे तरंगेल ते फेकावे. एकाला वाचवताना दुसरा बुडाला, असे पुष्कळदा घडते.

तळ्याचे पाणीही निर्धोक नसते. जलाशयाची उतरण एकाएकी तुटते, गाळात पाय रुततो. टाहोसारख्या थंड तळ्यात तर पाण्याच्या गारठ्यानेच पहिल्या मिनिटात श्वास अडखळतो. निसर्गात शांतता पुष्कळ आहे, पण ती आपल्या सोयीसाठी केलेली नाही.

म्हणूनच काठावर जाणता माणूस नेमलेला हवा. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा आहे. तेथील जीवरक्षकांना पुढे आपल्या नोकरीच्या हक्कांसाठी आंदोलने करावी लागली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. जीवरक्षक हा हौशी स्वयंसेवक नव्हे, तो कामगार आहे. त्याला बाराही महिन्यांचे वेतन, दोरी, फळी, शिटी, उन्हापावसात उभे राहण्यास आडोसा आणि विमा मिळाला पाहिजे. हंगामापुरता माणूस नेमून पावसाळ्यात काढून टाकणे म्हणजे समुद्र खवळतो त्याच दिवसांत पहारा उठवणे होय.

पुळण कोणाची?

आपण पोहावयास जातो तेव्हा पुळण आपल्याला रिकामी वाटते. ती रिकामी नसते. रापण ओढणारे लोक पहाटे येथेच काम करतात. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकावयाचे, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणावयाचे आणि पंचवीस-तीस माणसांनी मिळून ते ओढावयाचे. मासळीचे वाटे पडतात. दोर धरणाऱ्याला वाटा असतो, जाळ्यालाही असतो. कामगार संघटना हा शब्द कोकणात येण्यापूर्वीपासून चाललेले हे सामुदायिक श्रमाचे रूप आहे, आणि त्याला मोकळी पुळण लागते. सुकटीसाठी मासळी येथेच वाळते. मंडणगड तालुक्यात वेळासच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. इतके हक्कदार असलेली जागा एकाची होऊ शकत नाही.

कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे समुद्राचा व खाडीचा तळ शासनाचा आहे. किनाऱ्यावरील बांधकामांवर 1991 साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बंधने घातली. 2011 व 2019 साली ती बदलण्यात आली. आणि 1996 साली, हिमाचलातील बियास नदीकाठच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मोठा सिद्धांत मांडला. नद्या, समुद्रकिनारे, वने ही शासनाची मिळकत नसून जनतेच्या वतीने सांभाळलेली ठेव आहे. शासन तिचे विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही.

परंतु पाण्याचा काठ सर्वांचा, ही गोष्ट कोकणाने न्यायालयाच्या पुष्कळ आधी जगाला शिकवली. सह्याद्रीच्या पायथ्याशी महाडचे चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली झाला होता, पण कागदावरच्या ठरावाने तळे खुले होत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर न्यायालयात दहा वर्षे झगडावे लागले. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या काळी अडवणूक जातीची होती. आज किनाऱ्यावर ती कुंपणाची, तिकिटाची आणि ‘खाजगी मालमत्ता’ अशा पाटीची होऊ पाहते. रूप बदलले तरी ओळखण्याची खूण तीच आहे: पाणी समोर दिसते, पण वाट कोणीतरी अडवलेली असते.

एवंच, पुळण ही डोंगराने दिलेली, नदीने आणलेली, शिंपल्यांनी भर घातलेली आणि लाटेने पाखडलेली ठेव आहे. तिची शिल्लक पाहणे हे आपलेच काम. त्यासाठी मोठी समिती लागत नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला एखादी पक्की खूण ठरवावी, आणि तिच्यापासून ओहोटीच्या रेषेपर्यंतचे अंतर दर महिन्याच्या अमावास्येला, ओहोटी पुरती उतरल्यावर, दोरीने मोजून वहीत लिहावे. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतील. पाच वर्षांची अशी वही हातात असली तर उद्या वाळूचा लिलाव, बंधारा किंवा कुंपण यांविषयी सभा भरेल तेव्हा आपल्याला नुसती तक्रार करावी लागणार नाही. आकडे टेबलावर ठेवता येतील. येत्या अमावास्येपासून भाट्याला आणि मांडवीला हे मोजमाप सुरू व्हावे, एवढीच माझी या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना विनंती आहे.